सदतिसावी मुलगी

मला कुणी विचारलं की तुझा पहिला शत्रू कोण, तर मी लगेच सांगेन: छत्तीस. माणूस नाही, साप-विंचू नाही, छत्तीस हा आकडा. दिसायला काय गोंडस! दोनानं जातो, तिनानं जातो, चारानं, सहानं, नवानं, बारानं, अठरानं जातो. कुणीही यावं आणि सारखा वाटून घ्यावा, असा मनमिळाऊ. आणि ह्याच गोड स्वभावाच्या आकड्यानं आठवीत असताना माझ्या हातातलं लेझीम काढून घ्यायची पाळी आणली होती.

तेव्हा म्हणजे सत्तरच्या दशकात. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. आमचं गाव गोरेगावच्याही पलीकडं. एसटी आली तर यायची, नाही आली तर ड्रायव्हरच्या घरी काय झालं असेल यावर गाव दिवसभर चर्चा करायचं. शाळा पत्र्याची, पण मैदान असं मोठं की कुणी नवखा आला की आम्ही त्याला आधी मैदान दाखवायचो आणि मग, जमलं तर, शाळा.

त्या वर्षी गणिताला नव्या बाई आल्या, नांदेडहून. ठेंगण्या, सावळ्या, बोलायला लागल्या की शेवटच्या बाकावरची झोपलेली पोरंही टक्क जागी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्याकडे पाठ केली आणि पिशवीतून चिंचोके काढले. प्रत्येकीपुढं बारा-बारा ठेवले आणि म्हणाल्या, "रांगा लावा. सगळ्या रांगा सारख्या. एकही उरला नाही पाहिजे."

हे काय गणित! हा तर खेळ. कुणी तिनाच्या चार रांगा लावल्या, कुणी सहाच्या दोन. बाई फिरत फिरत म्हणाल्या, "हे बाराचे अवयव. डोळ्यांनी दिसले ना? आता पाठ करायची गरज नाही." मग त्यांनी प्रत्येकीला आणखी एक चिंचोका दिला. तेरा झाले. आता लावा.

दोनाच्या रांगा, एक उरला. तिनाच्या, एक उरला. पाचाच्या लावल्या तर तीन उरले. माझ्या शेजारणीचं मात्र फटकन जमलं, चाराच्या तीन रांगा, एकदम चोख. बाई तिच्यापुढं येऊन थांबल्या.

"गाल काहून फुगला गं?"

शेजारीण मान हलवत राहिली. बोलता येईना.

"काढ बाहेर."

निघाला. तेरावा चिंचोका, ओला, चकचकीत. वर्ग इतका हसला की पत्रे वाजले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो पदराला पुसला, परत मांडणीत ठेवला आणि म्हणाल्या, "उरला तर उरला. लपवायचा नाही. उरलेला काय सांगतो ते ऐकायचं." आणि मग फळ्यावर लिहिलं: मूळ संख्या. जिला एक आणि ती स्वतः, एवढेच अवयव, ती.

त्या दिवसापासून आम्हाला भागाकाराचं वेड लागलं. एसटीच्या पाटीवरचा नंबर दिसला की पाड अवयव. विहिरीच्या पायऱ्या, जात्याभोवतीची शेंगांची टरफलं, मास्तरांच्या शर्टाची बटणं, काही सोडलं नाही. बाई शिक्षासुद्धा तशीच करायच्या. छडी नाही, उठाबशा नाहीत. उशिरा आलीस? "एकशे सतराचे अवयव पाड, मग बस." मी उशिरा येण्यात पटाईत होते, त्यामुळं अवयव पाडण्यातही पटाईत झाले.

तर लेझीम. तालुक्याला दरवर्षी शाळांच्या स्पर्धा व्हायच्या. लेझमाची पथकं यायची, पण सगळी मुलांची. त्या वर्षी कळलं की मुलींचं पथकही घेणार. बाईंनी मनावर घेतलं. मुलींना हिंगोलीला न्यायचं, मैदानात नाचवायचं, हजार माणसांपुढं, हे त्या काळी आमच्या गावात काय होतं ते आज सांगून कळणार नाही. बाई घरोघर गेल्या. गावातल्या गल्ल्यांत गेल्या, बौद्धवाड्यात गेल्या, तांड्यावर गेल्या. आमच्याही ओसरीवर येऊन बसल्या.

माझे वडील म्हणाले, "पोरीच्या जातीनं लोकायपुढं नाचायचं?"

"नाच नाही हो, कवायत आहे."

"पायात घुंगरू न्हाई ना?"

"घुंगरू नाही, माइक नाही, गाणंसुद्धा नाही. हलगी अन् शिट्टी."

आई आतून म्हणाली, "जाऊ द्या की. घरात तरी कुठं एका जागी बसती? तिथं उड्या मारंल."

वडिलांनी सुपारी कातरली आणि विचारलं, "नेऊन माघारी तर न्हाई ना बसवणार? पोरगी जाणार अन् नुसती पिशव्या सांभाळणार, असं न्हाई चालायचं."

"जी येईल ती मैदानात उभी राहील," बाई म्हणाल्या. "शब्द देते."

हाच शब्द त्यांनी प्रत्येक ओसरीवर दिला. आणि त्या शब्दावर हो म्हणालेल्या मुली मोजल्या तेव्हा भरल्या सदतीस. अडतिसावी मिळेना. एकीची सोयरीक ठरली, एकीच्या आजीनं अन्न सोडलं, बाकीच्या घरांनी दारंच लावून घेतली.

आता प्रवेश करतात कवायतीचे सर! खरंच, ते यायचे ते नाटकात आल्यासारखेच: आधी शिट्टी, मग मिशा, मग सर. फौजेतून आलेले. पायजम्यालाही इस्त्री. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, बराबर आणि गडबड. सरळ रांग म्हणजे बराबर. सगळ्या रांगा सारख्या, कडेनं बघितलं तर भिंत दिसली पाहिजे, हा त्यांचा धर्म. शिवाय स्पर्धेत गुण द्यायचे तेही रांग बघून, हे ते छातीठोकपणे सांगायचे.

सरांनी आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं. पहिली आमच्यातली सगळ्यात उंच मुलगी, तांड्यावरची, ज्वारीच्या ताटासारखी सरळ. आणि अगदी शेवटी मी. मी तेव्हा इतकी बुटकी होते की लेझीम खाली सोडलं तर जमिनीला लागायचं.

"सहा-सहाच्या रांगा!"

सहा रांगा झाल्या. भिंतीसारख्या. आणि भिंतीच्या मागं मी, एकटी.

"गडबड. चार-चारच्या!"

नऊ रांगा, आणि मी.

"तीन-तीनच्या!" बारा रांगा, आणि मी. "नऊ-नऊच्या!" चार रांगा, आणि मी. दर शिट्टीला पोरी धावायच्या, धूळ उडायची, धूळ खाली बसायची, आणि धुळीतून मी एकटी उगवायची. पोरी हसून हसून लेझमावर पडल्या. पाच-पाचच्या लावल्या तेव्हा माझ्या पुढची मुलगीही उरली. ती लगेच रडायला लागली. मी तिला म्हणाले, "रडती काहून? मला जरा सोबत तर व्हऊ दे."

सर घामाघूम. कपाळ पुसत माझ्यापुढं आले आणि मला वरून खाली बघून म्हणाले, "ह्यी एक काढली तर सहा सक छत्तीस. बराबर. पोरी, तू लेझीम ठेव. तू पाण्याच्या घागरीकडं बघ."

घागर! मी, जिनं आरशापुढं लेझीम धरून तालुक्याच्या टाळ्या आधीच ऐकून घेतल्या होत्या, ती घागर राखणार! आणि घरी कळलं तर वडील हिंगोलीलाच पाठवणार नाहीत. पिशव्या आणि घागर यांत त्यांच्या लेखी काही फरक नव्हता.

बाईंना कळलं. त्या मैदानात आल्या, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही, वर्गातून उठून तशाच.

"सर, मी सदतीस घरी शब्द दिला आहे."

"मंग मी काय करू? आकडा बसून न्हाई राहिला. तुमचा आकडा लई हट्टी हाय, बाई."

"हट्टी नाही, मूळ आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे कुणाच्याच रांगेत जात नाही."

"असं कुठं असतंय का?" सर खवळले. "फौजेत आमी पाचशे-पाचशे जवान रांगेत लावलेत. आकडा म्हनला की बसलाच पायजे. तुमी चिंचोके द्या, मी बसवून दाखवतो."

बाईंनी मोजून सदतीस चिंचोके दिले. सरांनी ते रुमालात बांधून घरी नेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच परत आले, मिशा उतरलेल्या. रुमाल टेबलावर ठेवला.

"आठाचं बी केलं. अकराचं बी केलं. बायको म्हनली, तुमाला काय झालं."

"अकरापर्यंत कशाला गेलात?" बाई म्हणाल्या आणि खडू घेतला. आम्ही सगळ्या खिडकीला चिकटलो होतो, त्यामुळं पुढचं सगळं मला आजही जसंच्या तसं दिसतं. "तीन प्रश्न पुरे आहेत, सर. दोनानं जातो का? नाही, विषम आहे. तिनानं? तीन अन् सात दहा, दहा तिनानं जात नाही, म्हणून हाही नाही. पाचानं? शेवटी शून्य किंवा पाच नाही. संपलं."

"अन् चार? सहा?"

"जो दोनानं जात नाही तो चारानं अन् सहानं कसा जाईल?"

"सात?"

"साती साती एकोणपन्नास. सदतीस ओलांडून गेलं. सातानं किंवा त्याहून मोठ्यानं जायचं तर जोडीदार सातापेक्षा लहान लागणार. अन् लहानांना आपण आधीच विचारून झालं."

वाहवा! मी खिडकीतच टाळी वाजवली. मी पुढं आयुष्यात अनेक वकील ऐकले, कीर्तनकार ऐकले, पण तीन प्रश्नांत एवढं भक्कम दार लावून घेणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही. सरही भारावले. त्यांनी फळ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं आणि चक्क सलाम केला.

"मान्य! बसतच न्हाई, हे तुमीच सिद्ध केलं. तर मंग ठरलं, बाई. एक पोरगी कमी."

माझी टाळी अर्ध्यात राहिली. बाईंचा खडूही. त्यांनी इतकं चोख सिद्ध केलं होतं की त्यातून त्यांना स्वतःलाही बाहेर पडायला फट नव्हती. मनात आणलं असतं तर सरांना घोळात घेता आलं असतं, त्यांना कुठं कळत होतं? पण बाई आकड्याबद्दल खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापर्यंत थांबा."

सर म्हणाले, "उद्या काय सदतीसचे छत्तीस व्हणार हायेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घातला आणि रांगोळीचे ठिपके द्यायला बसले. सणवार नव्हता, रोजचीच रांगोळी. हात रोजच्या सवयीनं चालत होता, डोकं घागरीत अडकलेलं होतं. ठिपके असे ठोकत होते की आई म्हणाली, "ठिपके हायेत का दुष्मन? हळू टाक की गं."

रांगोळी कोणती, तर सात ते चार, मधले ठिपके. मधे सातांची ओळ. तिच्या वर सहा, ते खालच्या दोन-दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत. त्यावर पाच, त्यावर चार. मग खालच्या अंगालाही तसंच, सहा, पाच, चार. आमच्याकडची कुठलीही मुलगी ही रांगोळी डोळे मिटून काढेल. पण कुणी कधी मोजली नव्हती. कशाला मोजेल? रांगोळी ही काढायची वस्तू आहे. पण मला बाईंचा आजार लागलेला. हात थांबला आणि तोंड चालू झालं. चार अन् पाच नऊ. नऊ अन् सहा पंधरा. पंधरा अन् सात बावीस. बावीस अन् सहा अठ्ठावीस. अठ्ठावीस अन् पाच तेहतीस. तेहतीस अन् चार...

मी रांगोळीचा डबा उचलला आणि पळाले. आई मागून ओरडली, "अगं, रेघा तर जोड!"

शाळा भरायची होती. मी मैदानाच्या मधोमध बसले आणि ठिपके मांडले, हातभर अंतरावर, सात ते चार. शेवटचा ठिपका टाकते न टाकते तोच शिट्टी वाजली.

"कोन हाय ते? ग्राउंड खराब करून राहिली!"

"सर, मोजा," मी म्हणाले.

"काय मोजा?"

"ठिपके मोजा. एक ठिपका एक पोरगी."

सरांनी मोजले. मिशीवर बोट फिरवत पुन्हा मोजले. तोवर बाई आल्या. त्यांनी ठिपक्यांकडं बघितलं आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला वाटलं, काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. त्यांना आनंद तसाच व्हायचा.

"अगं, हे तर माझ्या ध्यानात यायला हवं होतं! मी काय रांगोळी काढत नाही का?" आणि त्या साडी सावरत खाली बसल्या, सरांच्या पायांशी, धुळीत. "सर, हे आडव्या ओळींनी मोजू नका. मधून बघा. हा एक. त्याच्याभोवती किती? सहा. त्यांच्याभोवती? बारा. अन् बाहेरच्या कडेला? अठरा. सहाचा पाढा चालला आहे बघा, सहा एके, सहा दुणे, सहा त्रिक. मधल्या एकीला सोडलं तर प्रत्येक फेरीत जोड्या पडतात, तिघी-तिघी पडतात, सहा-सहा पडतात. तुम्हाला हवे ते लेझमाचे हात करून घ्या."

सर ठिपक्यांभोवती फिरले. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. कडेनं वाकून बघितलं. कुठूनही बघितलं तरी रांगच होती, आडवी नाही तर तिरपी, पण सरळ, फौजेसारखी. हे त्यांच्याच लक्षात आलं, आम्हाला कुणालाच नव्हतं आलं.

"तीन तीन बाजूनं भिंत दिसून राहिली," ते हळूच म्हणाले. मग एकदम शिट्टी तोंडात घालून परत काढली. "बराबर! लई बराबर! पण बाई, एवढ्या पोरी आत जाणार कशा? रांगेनंच जावं लागंल. अन् ह्या आकड्याला रांग कुठं हाय?"

"आहे की, एक आहे. सदतीस एके सदतीस. एकच लांब रांग करा, उंचीप्रमाणे. पहिली मधे जाऊन थांबेल, बाकीच्या तिच्याभोवती गुंडाळत जातील."

आता मला वाटलं होतं, शोध माझा, म्हणून मधली जागा माझी. मी तसं सुचवूनही पाहिलं. सर म्हणाले, "तू मधे उभी ऱ्हायली तर लोकायला तिथं खड्डा दिसंल." मधे गेली ती तांड्यावरची उंच मुलगी, आणि खरं सांगते, तिथं तीच शोभत होती. मी सगळ्यात बाहेरच्या फेरीत, शेवटून पहिली.

तालीम सुरू झाली आणि सर बदलले. गणिताचं वेड त्यांनाही लागलं. एकदा विश्रांतीत बाई त्यांना म्हणाल्या, "सर, गंमत बघा. मधली अन् पहिली फेरी मिळून सात. दुसरी धरून एकोणीस. तिसरी धरून सदतीस. तिन्ही मूळ. अजून एक फेरी लावली तर एकसष्ट, तोही मूळ."

"अन् त्याच्या पुढं?"

"एक्क्याण्णव. तो कसा वाटतो?"

सरांनी डोळे मिटले. दोन, तीन, पाच, बोटांवर तपासलं. "ह्यो बी तसलाच हट्टी."

"तेरा साती एक्क्याण्णव!" आम्ही सगळ्या ओरडलो. एक्क्याण्णवानं आम्हाला सगळ्यांना आधीच फसवून झालं होतं, आता दुसऱ्याला फसताना बघण्याची मजा सोडणार थोडीच!

सर खजील होतील असं वाटलं होतं. ते उलट खूश. "म्हंजे एक्क्याण्णव पोरी आणा, बाई. तेराच्या सात रांगा लावून दाखवतो!"

आणि मग हिंगोलीचं मैदान. मांडव, कर्णे, शेंगदाणेवाले, झाडावर चढलेली पोरं. आमच्या आधी पथकं आली ती सगळी चौकोनी. आली, वाजवली, गेली. मग आमची हलगी कडाडली आणि आम्ही एकीमागं एक आत शिरलो. एकच रांग. लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "दुसरी रांग घरी इसरली का काय?" हशा पिकला. वडील त्या गर्दीत कुठंतरी उभे होते. न सांगता आले होते, पोरीला कुठं उभी करतात ते बघायला.

उंच मुलगी मधे पोचली आणि थांबली. सहाजणी तिच्याभोवती फिरल्या. मग बारा. आता हसणारे टाचा उंचावून बघू लागले, कारण काहीतरी उमलतंय हे त्यांना दिसायला लागलं. बाहेरची फेरी भरत गेली, कोपरा झाला, कड झाली, दुसरा कोपरा झाला. पाय एका तालात, लेझमं एका आवाजात. माझ्या पुढची मुलगी आपल्या जागी पोचली आणि फुलात एकच जागा रिकामी राहिली, दात पडल्यासारखी. अख्ख्या मैदानाला ती दिसत होती. त्या फुलाकडं बघून आता कुणी सांगू शकलं नसतं की सदतिसावी नको होती.

तिथवर जायला मला थोडेच हात उरले होते. सरांनी शिकवलं होतं, प्रत्येक हाताला एक पाऊल. मी अर्धं पाऊल टाकू लागले. हलगीवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि ताल लांबवला. कडेला सरांनी शिट्टी तोंडात धरली होती, गाल फुगले होते, डोळे बाहेर आले होते, आणि त्यांच्या शेजारी बाई दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होत्या. मैदान वाट बघत होतं. मी आणखी एक अर्धं पाऊल टाकलं, मान वळवून एकदा गर्दीकडं बघितलं, आणि मग, अगदी सावकाश, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.